गळ, पाग आणि आंबलेले हात

मासेमारीत हात दुखू लागतो तो बहुधा मासा ओढताना नव्हे, मासा लागण्याची वाट पाहताना. गळाची काठी धरलेली मूठ तासन्‌तास तशीच आवळलेली राहते आणि लक्ष सगळे पाण्याकडे असते. मासा ओढायला काही क्षण पुरतात. उरलेला सगळा वेळ हात काहीही न हलवता राबत असतो. त्याची भरपाई नंतर करावी लागते. संध्याकाळी बोटे सरळ होत नाहीत, रात्री अंगठ्याच्या बुडाशी गोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी कोयता उचलताना किंवा भाकरी थापताना मनगटात कळ येते.

शहापूर तालुक्यातील डोळखांब आणि त्याला लागून असलेला मुरबाडचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. आजोबाच्या डोंगरावरून उतरणारे ओढे, शाई आणि काळू या नद्या, भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे, मुरबाडकडे बारवी असे पाणी इथे चहूकडे आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा सगळ्याच घरांत गोड्या पाण्यातले मासे खाल्ले जातात. मासे विकून पोट भरणारी घरे थोडी, पण ओढ्यात किंवा डोहात उतरून कालवणापुरते मासे आणणारी पुष्कळ. पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून भातखाचरांकडे चढू लागतात. या चढणीच्या मासळीसाठी माणसे रात्री-अपरात्री पाण्यात उभी राहतात. पाऊस सरल्यावर डोहावर गळ आणि पाग म्हणजे फेकायचे जाळे, ओढ्याच्या उथळ पाण्यात बायकांच्या हातात झिला म्हणजे दांड्याचे हातजाळे, आणि जलाशयावर पाण्यात लावून ठेवायची कांडाळी जाळी दिसतात. प्रत्येक साधनाची पकड वेगळी असल्यामुळे त्यातून येणारे दुखणेही वेगळे असते.

ते समजण्यासाठी हाताची रचना थोडी पाहावी लागते. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत किंवा पंजात नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून निघालेले दोर, म्हणजे कंडरा, मनगटातून पुढे जाऊन बोटांच्या हाडांना चिकटतात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडांनी आणि जाड पडद्याने बनलेला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) एकत्र जातात. म्हणून मूठ आवळली की कोपराखालचा भाग टणक होतो, आणि दिवसभर मूठ आवळली की दुखतोही तोच भाग. पंजाच्या आतले छोटे स्नायू, विशेषतः अंगठ्याच्या बुडाशी असलेली मांसल गादी, चिमटीच्या कामाला लागतात. जाळ्यातून मासा सोडवणे, गळाला गांडूळ लावणे, तुटलेले जाळे सांधणे ही त्यांची कामे. स्नायू लहान असल्याने ते लवकर थकतात आणि गोळाही त्यांनाच आधी येतो.

एकाच स्थितीत आवळलेला स्नायू हलणाऱ्या स्नायूपेक्षा लवकर थकतो. आकसलेल्या स्नायूच्या आत दाब वाढतो, त्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, आणि रक्ताची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच त्याचा पुरवठा कमी पडतो. मूठ क्षणभर सैल केली तरी रक्त पुन्हा आत येते. कुऱ्हाड चालवणाऱ्याचा हात प्रत्येक घावानंतर थोडा सुटतो, गळ धरून बसलेल्याचा सुटत नाही. हातावर ताण येऊ नये यासाठी पुढे जे उपाय येतील त्यांतले बहुतेक या एका गोष्टीतून निघतात: पकड लागेल तेवढीच ठेवायची आणि ती वरचेवर सोडायची.

हाताच्या या दुखण्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली पेटका. यात स्नायू अचानक आकसतो आणि मनाने सोडवू म्हटले तरी सुटत नाही. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत तीव्र कळ राहते आणि मग जाते. दुसरी अंग दुखणे, म्हणजे सवय नसलेल्या कामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारा ठणका. हा ठणका स्नायूत साठलेल्या आम्लामुळे येतो असे अजूनही सर्रास सांगितले जाते, पण ते आम्ल काम थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जाते. 1902 मध्ये अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी अर्गोग्राफ नावाच्या यंत्रावर माणसांना बोटाने वजन ओढायला लावून या दुखण्याचा अभ्यास केला आणि स्नायूतील सूक्ष्म इजा हे त्याचे कारण असावे असे मांडले. पुढच्या संशोधनाने त्याला बळ दिले. ही इजा आपोआप भरून येते आणि स्नायू त्या कामाला सरावतो. तिसरी गोष्ट कंडरांची किंवा नसांची. ती सरावाने जात नाही, उलट तेच काम चालू ठेवल्याने वाढत जाते. पहिल्या दोन गोष्टी टाळता येतात आणि घरी बऱ्याही होतात. तिसरी वेळेवर ओळखावी लागते.

ओले हात घसरतात, आणि घसरू नये म्हणून माणूस नकळत जास्त जोर लावतो. निसर्गाने यावर थोडी तजवीज केलेली आहे. पाण्यात राहून बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात त्या कातडी फुगल्यामुळे पडतात असे वाटते, पण हाताची नस तुटलेली असेल तर त्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत, हे 1930 च्या दशकातच लक्षात आले होते. म्हणजे शरीर त्या मुद्दाम पाडते. इंग्लंडमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरकुतलेल्या ओल्या बोटांना वस्तू धरायला सुरकुत्या नसलेल्या ओल्या बोटांपेक्षा कमी जोर लागतो असे दिसले. तरीही चिकट वांब किंवा शिंगटी हातातून सुटते ती सुटतेच. मुठीत पिळून धरण्यापेक्षा सुती फडक्यात किंवा गोणपाटाच्या तुकड्यात धरलेला मासा कमी जोरात राहतो, आणि शिंगटीचा काटाही हातात घुसत नाही.

थंडीचाही वाटा मोठा आहे. पावसात भिजलेला हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे डोहाच्या पाण्यात घातलेला हात, दोन्ही गार पडतात. गार स्नायूत जोर कमी असतो आणि बधिर बोटांना आपण किती आवळले आहे हे कळत नाही. अशा वेळी काम सुरू करण्याआधी हात चोळून, मुठी मिटून-उघडून गरम करून घ्यावेत. दंडापासून मनगटापर्यंत बाही असलेला सदरा हातमोज्याइतकाच उपयोगी पडतो, कारण बोटे चालवणारे स्नायू त्या बाहीच्या आत असतात.

पण सर्वांत मोठा भार मासेमारीच्या बाहेरून येतो, आणि शहरातून हौसेने गळ टाकायला येणाऱ्या माणसाच्या आणि इथल्या माणसाच्या दुखण्यात फरक पडतो तो इथेच. चढणीचे मासे येतात तो जूनचा काळ म्हणजे राब पेरण्याचा, नांगरणीचा काळ. त्यानंतर लगेच आवणी येते: रोपे खणायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि चिखलात वाकून एकेक रोप चिमटीने खोचायचे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथे चिखल मळणे आणि विटा थापणे-उचलणे हे पुन्हा हाताचेच काम. दिवसभर आवणी केलेला हात संध्याकाळी ओढ्यावर उतरतो तेव्हा तो आधीच थकलेला असतो. दुखण्याचा दोष मग मासेमारीवर जातो, प्रत्यक्षात तो दोन्ही कामांच्या बेरजेचा असतो. म्हणून आवणीच्या दिवसांत हाताने ओढायचे जाळे बाजूला ठेवून, ओढ्याच्या धारेत लावून ठेवता येणारा बांबूचा सापळा वापरणे शहाणपणाचे. सापळा रात्रभर काम करतो आणि माणसाचा हात विसावतो. हे जुने साधन गमतीखातर टिकलेले नाही; राबणाऱ्या हातांचा विचार त्यात आहे.

आता एकेक साधन पाहू. गळाच्या काठीचा त्रास तिच्या वजनापेक्षा लांबीमुळे होतो. समजा, तीन मीटर लांबीची काठी अर्धा किलोची आहे आणि तिचा तोल मुठीच्या सव्वा मीटर पुढे आहे. ही काठी आडवी धरली तर मनगटावर येणारा पीळ मुठीपासून दहा सेंटिमीटरवर सहा किलोचे ओझे लटकवल्याइतका होतो. तेवढा पीळ बोटांनी आणि मनगटाने तासभर पेलायचा म्हणजे पेटके येणारच. काठीचे बूड मुठीच्या मागे हातभर सोडले आणि ते कोपराखाली टेकवले, तर तोच पीळ सगळ्या हातावर वाटला जातो आणि मुठीला फक्त काठी सावरावी लागते. यापेक्षाही चांगले म्हणजे काठावर बेचक्याची फांदी रोवून काठी तिच्यावर टेकवणे आणि बूड मांडीखाली किंवा दगडाखाली अडकवणे. मग दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा बुडाला की तेवढाच वेळ काठी हातात घ्यायची.

काठीची जाडीही पाहावी. बोटभर जाडीची बांबूची काठी धरायला मूठ पूर्ण मिटावी लागते, नखे तळहातात रुततात आणि तरीही ती फिरते. साधारण तीन ते चार सेंटिमीटर जाडीची मूठ बहुतेक प्रौढ हातांना सोयीची असते. अंगठा आणि बोटांची टोके एकमेकांच्या जवळ येतात पण एकमेकांवर चढत नाहीत. धरण्याच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती चिंधी गुंडाळली की जाडीही मिळते आणि घसरणेही थांबते. लहान मुलांच्या हातात मात्र मोठ्यांची जाड काठी देऊ नये. त्यांच्या मुठीच्या मापाची वेगळी काठी करावी.

मनगट वाकलेले असेल तर पकड कमजोर होते. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहिली तर बोटे नीट मिटतच नाहीत, हे कुणालाही लगेच पाहता येते. मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेले असले की तोच जोर कमी कष्टात लागतो. उकिडवे बसून काठी गुडघ्यांच्या मध्ये धरणाऱ्याचे मनगट आत वळलेले राहते. दगडावर बसून कोपर मांडीवर टेकवले की ते सरळ होते. हात अधूनमधून बदलावा. डावा हात कामाचा नाही असे मानून उजव्यावरच सगळे ओझे टाकण्याची सवय मोडायला थोडे दिवस लागतात, पण वाट पाहण्याच्या कामाला डावा हात नक्की चालतो.

काठीशिवाय नुसता तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, हातात धरून मासे पकडणाऱ्यांना वेगळा धोका असतो. दोरी बोटाला किंवा तळहाताला गुंडाळून बसणे ही घातक सवय आहे. बारीक तंगूस बोटात रुतला की रक्त अडते आणि बोट बधिर होते, मोठा राहू किंवा कटला लागला तर बोट कापतेही. दोरी लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळावी, बाटली हातात धरावी आणि दोरी फक्त एका बोटावरून सरकती ठेवावी. मासा कळण्यासाठी तेवढा स्पर्श पुरतो.

पाग फेकणे हे ताकदीचे काम समजले जाते, पण कसबी माणूस ती मनगटाने फेकत नाही. पाय रोवलेले, कंबर वळलेली, जाळ्याचा काही भाग खांद्यावर किंवा कोपरावर घेतलेला, आणि फेक सगळ्या अंगाच्या झोकातून येते; हात शेवटी फक्त उघडतो. नवशिका एकाच जागी उभा राहून मनगटाला झटका देतो आणि थोड्याच वेळात त्याचा अंगठा आणि मनगटाची बाहेरची बाजू दुखू लागते. भिजलेली पाग कोरडीपेक्षा बरीच जड असते, म्हणून प्रत्येक फेकीआधी ती निथळू द्यावी. पागेची दोरी मनगटात अडकवतात तो फास सैल असावा. घट्ट फासाने नेमका तो अरुंद बोगदाच दाबला जातो. जाळे ओढून घेताना बोटांनी दोरी गोळा करत बसण्यापेक्षा दोन्ही हातांनी धरून दोन पावले मागे सरकावे, म्हणजे ओढ पायांवर जाते. हाताशी संबंध नसलेली एक गोष्ट इथेच सांगायला हवी: फेकताना पागेची शिशाची कड दातांत धरण्याची रीत आहे, ती सोडून द्यावी. शिसे विषारी आहे आणि ते तोंडावाटे थोडे थोडे अंगात साठते.

जलाशयात होडीवरून किंवा ट्यूबवर बसून कांडाळी लावणाऱ्यांचे अंगठे दुखतात. आसात, म्हणजे जाळ्याच्या घरात, अडकलेला प्रत्येक मासा चिमटीने सोडवायचा म्हणजे शेकडो वेळा तीच हालचाल. लाकडी खिळीने किंवा बोथट आकड्याने आधी आस उचलून घेतला तर चिमटीचा जोर वाचतो. सगळे जाळे एका दमात सोडवत बसू नये. थोडे सोडवावे, हात झटकावेत, मग पुढे जावे. शक्य असेल तर ओढणाऱ्याने आणि सोडवणाऱ्याने मधूनमधून काम बदलून घ्यावे. झिला चालवताना दोन्ही मुठी त्याच्या दांड्यावर असतात आणि पाठ वाकलेली असते. दांडा आखूड असला की पाठही दुखते आणि मनगटही वळते. थोडा लांब दांडा दोन्ही त्रास कमी करतो, पण घरोघरी झिला पिढ्यान्‌पिढ्या एकाच मापाचा बनत असल्याने उंच बाईलाही आखूडच दांडा मिळतो. हे माप ज्या त्या बाईच्या उंचीप्रमाणे बदलायला काहीच खर्च नाही.

पेटके आणि पाणी यांचा संबंध जितका सांगितला जातो तितका सरळ नाही. थकलेल्या स्नायूला आज्ञा देणाऱ्या नसांचा तोल बिघडणे हे पेटक्याचे महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही पेटका येऊ शकतो. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात जलाशयावर दिवस काढणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. 1920 च्या दशकात इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत असे दिसले होते की, घाम गाळून नुसते साधे पाणी पिणाऱ्या मजुरांना पेटके येत आणि पाण्यात थोडे मीठ घातले की ते कमी होत. मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा ताक यांनी हे काम घरच्या घरी होते. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जलसंजीवनीचे मापही चालते. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे आणि भिजलेल्या अंगामुळे घाम आलेला कळत नाही, तहानही लागत नाही. तरी पाणी प्यावे लागतेच. उपाशीपोटी पहाटे निघून दुपारपर्यंत पाण्यात उभे राहणे आणि वर दारू घेणे हे पेटक्यांना निमंत्रण आहे, आणि दारू पिऊन डोहाच्या काठी बसण्यात बुडण्याचाही धोका आहे.

पेटका आलाच तर काम ताबडतोब थांबवावे. दुसऱ्या हाताने आखडलेली बोटे हळूहळू सरळ करावीत, किंवा तळहात मांडीवर पालथा दाबून बोटे पसरावीत आणि अर्धा मिनिट तसेच धरावे. ताण दिल्यामुळे स्नायूला सैल होण्याचा संदेश मिळतो. झटका देऊन बोटे उघडू नयेत. नंतर चोळावे, ऊब द्यावी. लोणच्याचा खार प्यायल्याने पेटका जातो अशी एक समजूत आहे, तिला काही आधार आहे. 2010 मध्ये अमेरिकेत विजेच्या झटक्यांनी पायात मुद्दाम पेटका आणून केलेल्या प्रयोगात काकडीच्या लोणच्याचा खार पिणाऱ्यांचा पेटका सुमारे दीड मिनिटात, पाणी पिणाऱ्यांपेक्षा लवकर, सुटला. इतक्या कमी वेळात मीठ रक्तात उतरत नाही. आंबट-खारट चवीने घशातून नसांना मिळालेला संदेश हे कारण असावे असे संशोधकांनी मानले. पाण्यात उभे असताना पेटका आला तर मात्र आधी काठावर यावे, मग बाकीचे.

घरी परतल्यावर कोमट पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटे बुडवून त्यातच बोटे मिटावीत आणि उघडावीत. निरगुडीच्या पाल्याचा शेक आणि मोहाच्या बियांच्या तेलाने मालिश हे इथले जुने उपाय आहेत. ऊब आणि चोळणे यांनी आराम पडतो हे खरे. सूज आली असेल किंवा जखम असेल तर त्यावर मालिश करू नये. हात पुढे सरळ धरून दुसऱ्या हाताने बोटे आधी वर आणि मग खाली ओढून प्रत्येक वेळी वीसेक सेकंद थांबावे. बोटांभोवती रबरबँड लावून ती बाहेर उघडण्याचा व्यायाम विशेष उपयोगाचा, कारण वर्षभर हे हात मिटण्याचेच काम करतात. ठणका दोन-तीन दिवसांचा असेल तर हात पूर्ण बांधून ठेवू नये, हलके काम चालू ठेवावे. दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन त्याच दिवशी पुन्हा जाळे ओढणे सर्वांत वाईट, कारण थांबण्याचा इशारा देणारी कळच तेवढी दबते. उन्हाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

हातावरच्या चिरा आणि काट्यांच्या जखमा पावसाळ्यात हलक्यात घेऊ नयेत. गढूळ पाण्यात उंदरांचे आणि जनावरांचे मूत्र मिसळते आणि फुटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत शिरतात. जखम साबणाने धुऊन झाकावी, आणि पाण्यात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर आरोग्य केंद्रात तसे स्पष्ट सांगावे.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या आहेत. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन झोपमोड होणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे ही मनगटाच्या बोगद्यात नस दबल्याची खूण आहे. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवले असता अंगठ्याच्या बाजूला तीव्र कळ आली तर तो तिथल्या कंडरांच्या आवरणाचा विकार असू शकतो. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये त्याचे वर्णन केले. वाकवलेले बोट अडकून राहणे आणि खट्‌कन सुटणे हाही कंडरेचाच आजार. ही दुखणी सुरुवातीला मनगटाला किंवा अंगठ्याला आधार देणारी पट्टी लावून आणि काही आठवडे ती हालचाल बंद ठेवून पुष्कळदा बरी होतात. उशीर झाला तर इंजेक्शन किंवा लहानशी शस्त्रक्रिया लागते. हातातून वस्तू पडू लागणे, अंगठ्याची गादी सुकणे, बोट कायम बधिर राहणे यांपैकी काही दिसले तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवण्यात दिरंगाई करू नये. मधुमेह असलेल्यांत बोट अडकणे आणि नस दबणे ही दुखणी जास्त आढळतात. थायरॉइडचे विकार, गरोदरपण, लघवी वाढवणारी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी काही औषधे यांतूनही पेटके किंवा मुंग्या येतात. पुरेशी विश्रांती घेऊनही दोन्ही हातांना वारंवार त्रास होत असेल तर कारण जाळ्यात शोधण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. ती तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.